‘घरी न्या’ लिहिलंत, आता त्याखाली एवढं लिहा

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
आणि राज्यातले सर्व जिल्हा शल्यचिकित्सक

विषय: घरी पाठवलेल्या कॅन्सर पेशंटचं डिस्चार्ज कार्ड, मॉर्फिन आणि रात्रीचा फोन

स.न.वि.वि.

तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट ‘आता आणखी उपचार नाहीत’ म्हणून घरी जातो, तेव्हा त्याच्या कार्डावर शेवटी साधारण असा मजकूर असतो: ‘टॅब. मॉर्फिन १० एस.ओ.एस., आर.टी. फीड्स, ड्रेसिंग, रिव्ह्यू एस.ओ.एस.’ (म्हणजे गरज पडली तर मॉर्फिन या तीव्र दुखण्यावरच्या औषधाची १० मिलिग्रॅमची गोळी, नाकातल्या नळीतून जेवण, जखमेची मलमपट्टी, गरज पडली तर पुन्हा दाखवा.) हस्ताक्षर घाईचं, भाषा इंग्रजी. हे कार्ड घेऊन एसटीत बसते ती बहुतेक वेळा बायको, सून नाहीतर लेक. वॉर्डात तीन पाळ्यांच्या सिस्टर जे करत होत्या, ते उद्यापासून तिने एकटीने करायचं असतं, आणि तिच्या हातात एवढी एकच ओळ असते.

आम्ही अशा घरी भेटी देणाऱ्या परिचारिका, समुपदेशक आणि स्वयंसेवक आहोत. कॅन्सर बरा करण्याबद्दल आम्हाला इथे काही म्हणायचं नाही. त्या एका ओळीत काय राहून जातं आणि त्यामुळे घरात नेमकं काय बिघडतं, तेवढंच लिहितो आहोत. तोंडाचा कॅन्सर घेतला, कारण तंबाखू-चुना, मिश्री आणि विदर्भातला खर्रा यांच्या राज्यात आमच्या भेटींच्या यादीत तोच वर असतो. (गुटखाबंदी २०१२ पासून आहे. टपरीवर काय मिळतं ते आपल्यालाही ठाऊक आहे.)

सुरुवात ‘एस.ओ.एस.’ पासून. मॉर्फिनची साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते आणि तिचा असर चारेक तास टिकतो. म्हणून ती घड्याळ लावून द्यायची असते: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० वाजता दुप्पट. रात्रीची दुप्पट दिली की मध्यरात्री दोनला कुणाला उठावं लागत नाही. ‘एस.ओ.एस.’ चा अर्थ मात्र घरात ‘अगदीच सहन होईना तर’ असा घेतला जातो. पेशंट दात दाबून सोसतो. घरचे गोळी राखून ठेवतात, कारण एवढी भारी गोळी आत्ताच वापरली तर पुढे काय द्यायचं, ही धास्ती असते. दुखणं शिगेला पोचल्यावर एक गोळी जाते आणि तोवर एकीने भागण्यासारखं उरलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी आपल्या ओपीडीत निरोप येतो, ‘मॉर्फिननेही फरक नाही.’

एस.ओ.एस. ला जागा आहे, पण ती नेमाच्या गोळीच्या जोडीला. दोन वेळांच्या मध्ये दुखणं उसळलं, तर तेवढ्याच ताकदीची एक जादा गोळी द्यायची, वेळ वहीत लिहायची आणि पुढची ठरलेली गोळी चुकवायची नाही. दिवसात तीन-चारदा जादा लागू लागली, तर नेमाचा डोस वाढवायला झाला आहे असं समजून डॉक्टरांना सांगायचं. हिशेबही कार्ड लिहितानाच व्हायला हवा. दर वेळी १० मिलिग्रॅम म्हणजे रात्रीची दुप्पट धरून दिवसाच्या ६ गोळ्या, पंधरा दिवसांच्या ९०, वरच्या जादा धरून शंभरावर. तीस गोळ्या देऊन ‘पंधरा दिवसांनी या’ लिहिलंत, तर त्या पाच दिवस पुरतात. उरलेले दहा दिवस ते घर कसं काढतं, हे आम्ही सांगायला नको.

मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याची, म्हणजे जुलाबाची गोळी लिहिलीच पाहिजे, पहिल्या दिवसापासून, रोज. झोप आणि मळमळ चार-पाच दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मॉर्फिन चालू असेपर्यंत ओसरत नाही. इथे एक फसगत फार होते. सात-आठ दिवस शौचाला झालेलं नसतं, मग एकाएकी पातळ, पाण्यासारखं येऊ लागतं. घरचे म्हणतात हगवण लागली, आणि जुलाबाची गोळी बंद करून हगवणीची सुरू करतात. खरं तर खाली खडा अडकलेला असतो आणि पातळ मळ त्याच्या कडेने झिरपत असतो. गोळी बंद केल्याने खडा आणखी बसतो, पोट फुगतं, उलट्या होतात आणि पेशंट कॅज्युअल्टीत येतो. कार्डावर ‘तीन दिवस शौचाला झालं नाही तर फोन करा’ एवढं लिहिलं असतं तर ही फेरी वाचली असती.

पहिले दोन-तीन दिवस पेशंट खूप झोपतो. कित्येक आठवड्यांची राहिलेली झोप असते ती, हाक मारली की तो जागा होतो. यावर ‘गुंगीचं औषध दिलं, बंद करा’ असं मुंबईहून फोनवर सांगणारा एक नातेवाईक प्रत्येक घरात असतोच, त्याचीही सोय कार्डावर केलीत तर बरं. आणि खरी धोक्याची खूण वेगळी लिहा: लघवी कमी झाली आणि झोपेत हातपाय झटके देऊ लागले, हलवूनही जाग येत नाही, किंवा श्वास मिनिटाला आठाच्या खाली गेला. किडनी मंदावली की मॉर्फिन अंगात साठतं, म्हणून हे होतं. अशा वेळी पुढची गोळी थांबवून लगेच फोन.

एवढं सगळं कार्डात मावणार नाही, हे उत्तर आम्ही ऐकलेलं आहे. मावतं. नमुना हा घ्या, आकडे पेशंटनुसार डॉक्टरांनी भरावेत:

‘दुखण्याची गोळी: ६, १०, २, ६ वाजता एक-एक, रात्री १० वाजता दोन. दुखत नसलं तरी द्यायची. मध्येच दुखलं तर एक जादा, वहीत लिहा. पोट साफ होण्याची गोळी: रोज रात्री दोन, पातळ झालं तरी विचारल्याशिवाय बंद नाही. दुखण्याची गोळी सांगितल्याप्रमाणे घेतली तर सहसा तिचं व्यसन लागत नाही. ती स्वतःहून एकदम बंद करायची नाही. हाकेला उठेना तर गोळी थांबवा, या नंबरवर फोन करा.’

ठळक मराठीत हे अर्ध्या पानात बसतं. वाचता न येणाऱ्या घरासाठी सूर्य, चंद्र आणि गोळीचं चित्र असलेला छापील तक्ता करा. क्षयरोगाच्या औषधांसाठी आपल्याच विभागाने घराघरांत असलं समजावणं केलेलं आहे.

आता गोळी मिळण्याचं बघू. अंमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. त्यानंतर बरीच वर्षं मॉर्फिन ठेवायचं म्हणजे चार-पाच परवाने, प्रत्येकाची मुदत वेगळी, आणि एक संपला की साठा अडकला. २०१४ च्या दुरुस्तीने ते बदललं. मॉर्फिनसह काही औषधं ‘अत्यावश्यक अंमली औषधं’ ठरली आणि राज्याच्या औषध नियंत्रकांची एक मान्यता पुरेशी झाली. संस्थेत प्रशिक्षित डॉक्टर हवा, साठ्याची नोंद हवी, अट मुख्यतः एवढीच. आपली जिल्हा रुग्णालयं यात बसतात. उपजिल्हा रुग्णालयंही एका डॉक्टरच्या प्रशिक्षणाने बसतील. तरीही सिरोंच्याच्या माणसाला गडचिरोली गाठायचं तर दोनशे किलोमीटरच्या वर जावं लागतं, आणि तिथे ‘स्टॉक संपला’ ऐकलं की पुढे नागपूर. मॉर्फिन ज्या अफूपासून बनतं ती शेजारच्या मध्य प्रदेशात, मंदसौर-नीमचच्या शेतात सरकारी परवान्याने पिकते. केरळपाठोपाठ पॅलिएटिव्ह केअरचं (आजार बरा होणारा नसला तरी त्रास कमी ठेवणाऱ्या सेवेचं) धोरण करणाऱ्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्र आहे, आणि आयुष्मान आरोग्य मंदिर या सरकारी प्राथमिक केंद्राच्या बारा सेवांच्या यादीतही पॅलिएटिव्ह केअर छापलेली आहे. आम्हाला यादीतली ओळ नको, कपाटातली गोळी हवी. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात मान्यता, महिनाभराचा साठा, आणि चिठ्ठी दुसऱ्या सरकारी हॉस्पिटलची असली तरी गोळी देण्याचा लेखी आदेश, या तीन गोष्टी मागतो.

गोळी मिळत नाही म्हणून खाजगी दुकानातून फेंटानिलची, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीच्या औषधाची, कातडीवर चिकटवायची पट्टी आणली जाते. ती चांगली आहे, महाग आहे, आणि सूचना नसतील तर तिचंही वाटोळं होतं. लावल्यावर पुरता असर यायला बारा तास किंवा जास्त लागतात, त्या मधल्या वेळेची तजवीज कुणी सांगत नाही. ७२ तासांनी बदलायची, जुनी काढून मगच नवी लावायची. ‘थोडी शेक दिली की लवकर लागते’ म्हणून पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवणारेही आहेत. उष्णतेने औषध भसकन आत जातं आणि माणूस बेशुद्ध होतो.

नळीकडे येऊ. नाकातून पोटात जाणारी रायल्स ट्यूब घरी नेलेल्या पेशंटचं जेवण सांभाळते, आणि औषधही, हे दुसरं कुणाच्या लक्षात राहत नाही. रात्री अकराला नळी ओढली गेली तर जेवण सकाळपर्यंत थांबू शकतं, मॉर्फिन नाही. पहाटेपर्यंत दुखणं परत येतं. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात १४ आणि १६ नंबरच्या नळ्या आणि ती घालायचा सराव असलेली एक तरी सिस्टर हवी. गाठ घशात उतरली असेल तर नळी तिथे घालायचा प्रयत्नही करू नये. तेव्हा ‘नळी निघाल्यास केंद्रात बदलता येईल’ की ‘सरळ हॉस्पिटलात आणा’ हे कार्डावर आधीच लिहिलेलं असावं.

घरी काय शिकवून पाठवायचं, तेही सांगतो. वॉर्डात शेवटच्या दिवशी पाच मिनिटांत तोंडी सांगणं हे शिकवणं नव्हे. जी बाई घरी हे करणार आहे तिच्या हातून, सिस्टरसमोर, निदान चार वेळा फीड देऊन घ्या. नाकपुडीला लागून नळीवर मार्करने खूण करून द्या. दर वेळी ती खूण जागेवर आहे का बघायचं, बाहेर सरकली असेल तर काहीही घालायचं नाही. पेशंटला टेकून बसतं करायचं, फीड झाल्यावरही अर्धा-पाऊण तास तसंच. आडवं ठेवून दिलेलं फीड वर येऊन फुप्फुसात जातं, आणि घरी सुरू झालेल्या ‘सर्दी-खोकल्याचं’ कारण बरेचदा तेच असतं. आधी २०-३० मिली पाणी, मग २०० मिली फीड, मग ३०-५० मिली पाणी. मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवायचा, नळकांडं डोक्याच्या वीतभर वर धरायचं आणि आपसूक उतरू द्यायचं. पंधरा-वीस मिनिटं लागतात. चूल, गुरं, पोरांची शाळा सांभाळणाऱ्या बाईला दिवसातून सहा-सात वेळा वीस मिनिटं काढणं जड जातं, म्हणून ती दट्ट्याने ढकलते, आणि पेशंट ओकतो. घरातल्या दुसऱ्या माणसालाही शिकवा, शक्यतो पुरुषाला. वॉर्डाबाहेर बाकावर तो बसलेला असतोच.

फीडमध्ये काय घालायचं याबद्दल ‘लिक्विड डाएट’ हे दोन शब्द लिहून मोकळं होऊ नये. त्याचा अर्थ घरात पेज आणि डाळीचं पाणी असा होतो. डाळ खाली पातेल्यात राहते आणि वरचं पिवळं पाणी माणसाला जातं, महिनाभरात हाडं दिसू लागतात. डाळ-तांदूळ मऊ शिजवून, मिक्सरमधून काढून, मलमलच्या फडक्यातून गाळून, चमचाभर तेल किंवा तूप घालून ते द्यायचं. चालत असेल त्याला उकडलेलं अंडं दुधात वाटून. नाचणी चांगली, पण थंड झाली की नळीत घट्ट बसते, म्हणून पातळ आणि कोमट असतानाच. साखरेने कॅन्सर वाढतो या चुकीच्या समजुतीने गूळ-साखर-दूध सगळं बंद केलेली घरं आम्हाला दर आठवड्याला भेटतात. ओपीडीत एक वाक्य बोललात तर ते तुमचं ऐकतील, आमचं ऐकायला चार भेटी लागतात.

गोळ्या खलबत्त्यात एकेक वेगळी कुटायची, कोमट पाण्यात विरघळवायची, दोन गोळ्यांच्या मध्ये थोडं पाणी सोडायचं. सगळ्यांचं एकत्र पीठ करून फीडमध्ये मिसळलं की नळी चोंदते. चोंदली तर कोमट पाणी सिरिंजने हळू आत-बाहेर करायचं, तार घालायची नाही, जोर करायचा नाही. आणि कार्डावर मॉर्फिनपुढे ‘एस.आर.’ लिहिलेलं असेल तर ती गोळी कुटायचीच नाही. बारा तासांत हळूहळू सुटायचं औषध कुटल्यावर एकदम सुटतं. नळी असलेल्या पेशंटला एस.आर. लिहून दिलेली कार्डं आम्ही पाहतो. ही चूक घरच्यांच्या पदरात घालता येणार नाही.

जखमेचं थोडक्यात. गालातून बाहेर आलेल्या जखमेला वास येतो, आणि त्या वासाने माणूस घरातल्या घरात वेगळा पडतो, त्याची खाट पडवीत जाते, नातवंडं जवळ येत नाहीत. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची बारीक पूड जखमेवर भुरभुरली की वास दोन-चार दिवसांत पुष्कळ कमी होतो. ही स्वस्त गोळी प्रत्येक केंद्रात असते, तिचा हा उपयोग मात्र कार्डावर नसतो. धुवायला उकळून गार केलेलं अर्धा लिटर पाणी आणि त्यात सपाट छोटा चमचाभर मीठ. चिकटलेलं गॉज आधी याच पाण्याने पुरतं भिजवायचं, कोरडं ओढलं तर रक्त येतं. जखम उघडी ठेवायची नाही आणि दिवसाही मच्छरदाणी लावायची, नाहीतर माश्या बसून अळ्या पडतात. अळ्या पडल्या की घरचे शरमेने लपवतात, म्हणून ‘असं झालं तर लगेच सांगा, हे होतं’ हे आधीच सांगून ठेवा.

एक गोष्ट मात्र कुणीच सांगत नाही, आणि ती सांगणं डॉक्टरांचंच काम आहे. मानेतल्या गाठीने मोठी रक्तवाहिनी खाल्ली तर एक दिवस अचानक रक्ताचा लोट येऊ शकतो. सगळ्यांना येत नाही. ज्याची गाठ तशा जागी आहे, त्याच्या घरच्यांना बाजूला घेऊन, बसवून, सांगायला हवं. खाटेजवळ गडद रंगाचे, लाल किंवा मरून, टॉवेल आणि चादर ठेवायला सांगा. पांढऱ्या कापडावर ते रक्त दिसतं तेव्हा पेशंटही घाबरतो आणि घरही. बारीकसारीक रक्त असेल तर स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटं न उचलता दाबून धरायचं. मोठा लोट असेल तर पेशंटला कुशीवर वळवायचं, टॉवेल लावायचा, हात धरून जवळ बसायचं. गाडी शोधायला पळायचं नाही, कारण ते काही मिनिटांचंच असतं आणि तेवढ्यात त्याच्याजवळ कुणीतरी असायला हवं. हे आधी ऐकलेलं घर आणि न ऐकलेलं घर, दोन्हीकडे आम्ही नंतर जातो.

हे झालं उपचार थांबलेल्यांचं. केमो चालू असलेल्यांसाठी वेगळं कार्ड हवं, त्यावर मोठ्या अक्षरात एकच आकडा: १००.४. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला असतात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायचा ताप नव्हे. कॅज्युअल्टीत हे कार्ड दाखवल्यावर ओपीडीचा केसपेपर काढायला न पाठवता तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, असं परिपत्रक प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला काढा.

सरकारी उपचार योजनेचे कागद करून देणाऱ्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्रांसाठीही एक वाक्य: महात्मा फुले योजनेचे कागद लावतानाच रेल्वे सवलतीचा फॉर्म हातात द्या. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण माफी आहे, सोबतच्या एकाला तिथेच ७५ टक्के. टाटा हॉस्पिटलला येणारे कितीतरी जण पूर्ण तिकीट काढून मुंबईत उतरतात.

आणि फोन. कार्डावरचे सगळे ‘फोन करा’ एका नंबरवर यायला हवेत, आणि तो रात्री उचलला गेला पाहिजे. १०८ ला फोन केला तर गाडी येते. रात्री दोन वाजता यांना बहुतेक वेळा गाडी नको असते. उलटीतून गोळी पडली, परत देऊ का? श्वासाला घरघर लागली, ते गुदमरताहेत का? तोंड कोरडं पडलं, पाणी ओतू का? (ओतू नका, ओल्या कापसाने ओठ आणि जीभ भिजवा. तुळशीपत्र आणि गंगाजलही थेंबभरच, ओठांवर.) जिल्ह्याला एक फोन, तीन पाळ्यांत तीन प्रशिक्षित परिचारिका आणि मदतीला एक डॉक्टर, एवढ्यावर यातले बरेचसे प्रश्न जागच्या जागी मिटतात. नाही मिटले की घर घाबरतं, गाडी करतं, आणि ज्याने ‘मला घरीच ठेवा’ म्हटलं होतं तो माणूस कॅज्युअल्टीच्या स्ट्रेचरवर जातो.

घरी मृत्यू झाला की दाखल्याचा प्रश्न उभा राहतो. हॉस्पिटलबाहेरच्या मृत्यूचं कारण नमुना ४-अ वर डॉक्टरने लिहायचं असतं आणि नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. गावातला डॉक्टर ‘मी उपचार केले नाहीत’ म्हणतो, केंद्रातले ‘हॉस्पिटलात आणा’ म्हणतात, कुणीतरी पोलिसांचं नाव काढतं, आणि अंगणात तिरडी थांबलेली असते. डिस्चार्ज देतानाच कार्डावर निदान, टप्पा आणि ‘घरी नैसर्गिक मृत्यू अपेक्षित’ असं लिहून सही-शिक्का द्या, त्याची प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राला पाठवा, आणि त्या कागदावरून वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ४-अ द्यावा असा आदेश काढा.

शेवटची मागणी लहान आहे. तेराव्यानंतर घरातलं कुणीतरी पिशवी घेऊन हॉस्पिटलात येतं. त्यात हवेची गादी असते, न उघडलेल्या दोन नळ्या, गॉज आणि मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्या. त्यांना ते परत करायचं असतं. खिडकीवर ‘परत घेत नाही’ असं सांगितलं जातं, आणि मॉर्फिन पुन्हा घरी फळीवर जाऊन बसतं. त्या खिडकीवर एक नोंदवही ठेवा, गोळ्या मोजून घ्या, परत केल्याची सही घ्या. गादी तेव्हाच कुठल्यातरी वॉर्डात लागणार असते.

कळावे,
घरभेटींना जाणाऱ्या परिचारिका, समुपदेशक आणि स्वयंसेवक